थर्मासची जागा

जावयाला त्या सकाळी जे मिळणार होतं, ते सगळं एका हातगाडीत मावलं असतं: तीन चाकं शाबूत असलेली लोखंडी खुर्ची, टेबलाच्या खणाची किल्ली आणि ‘मिस्त्री’ ही हाक. एवढ्यासाठी माणूस काय काय करतो, असं तुम्ही म्हणाल. पण सात वर्षं घरजावई म्हणून ऑइलच्या उलट्या डब्यावर बसून बघा. डब्याची कड ज्याला रुतते, त्यालाच खुर्चीचा भाव कळतो.

खुर्ची सासऱ्याची. गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणत. चालू इंजिनाला तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ दातांत धरायचा, डोळे मिटायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. पूर्वी ती मूठ कानाला लागायची. कानावरून दातांवर कधी आली, हे कुणी विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीत कान केव्हाच कामातून गेले होते. दातांतून मात्र लोखंड अजून बोलत होतं, आणि माणसांचं बोलणं तो ओठांवरून उचलत होता. वर मिजास अशी की, “ज्या दिवशी माझं निदान चुकेल, त्या दिवशी खुर्ची जावयाची,” हे तो चारचौघांत छातीठोक सांगायचा.

पण हवेची गळती लोखंडातून बोलत नाही, ती नुसती फुसफुसते. करंट गळला तर चटचट होते, तीही दातांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी त्याची मुलगी होती, म्हणजे जावयाची बायको. दहाच्या ठोक्याला ती वरच्या घरातून चहाचा थर्मास घेऊन उतरायची, गाडीपाशी घटकाभर रेंगाळायची आणि आवाज ज्या अंगाला असेल त्या अंगाच्या मडगार्डवर थर्मास ठेवायची. आवाज नसला तर बाकावर. बापलेकीत यावर कधी एक शब्द झाला नव्हता. बाक रिकामा असताना थर्मास मडगार्डवर का, हे कोडं सुटायला जावयाला सात वर्षं लागली. तसा तो हुशारच. फक्त जिथं फायदा दिसेल तिथं.

त्या दिवशी निवृत्त मास्तरीणबाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या.

“सकाळी किती वेळ किल्ली फिरवावी लागते म्हणून सांगू! शेजारी उठतात, पण ही उठत नाही. उठली की थंडी भरल्यासारखी थडथडते. सिग्नलला उभी केली की ठप्प.”

“आणि पळवली की?” कानसेनने त्यांच्या ओठांवर नजर ठेवून विचारलं.

“पळवली की शहाण्यासारखी वागते.”

जावयाने बॉनेट उघडलं, तेव्हाच त्याला ऐकू आलं होतं. डाव्या अंगाला, कार्बोरेटरच्या खाली, रबरी नळीला चीर पडली होती आणि तिथून इंजिन चोरून हवा पीत होतं. साधं काम. त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. उलट, आपली टॅक्सी घ्यायला आलेल्या टॅक्सीवाल्याला म्हणाला, “बसा की, घाई काय? मामांचं निदान बघून जा.”

कानसेनने इंजिन बंद करून प्लग काढले. चारही राखेसारखे पांढरे. “हवा जास्त पितेय ही,” तो पुटपुटला, दुसरे प्लग लावून इंजिन पुन्हा चालू करायला लावलं आणि एक पांढरा प्लग हातात घेऊनच डाव्या अंगाकडे वाकला. खरं तर निदान इथेच झालं होतं. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर बोटांना ती चीर लागलीच असती. तेवढ्यात दहा वाजले.

जावई जिन्याच्या तळाशी उभाच होता. “दे इकडे,” तो बायकोला म्हणाला, “आणि वर जाऊन बघ, गॅस चालू राहिलाय वाटतं.”

“बंद केला होता मी.”

“बघून यायला काय पाय झिजतात?”

ती वळली. त्याने थर्मास उजव्या मडगार्डवर ठेवला. थर्मासचा कान, म्हणजे मूठ, बाहेरच्या बाजूला, अगदी ती ठेवते तसा.

कानसेनने मान वर केली. हातातल्या पांढऱ्या प्लगकडे पाहिलं, मग थर्मासकडे. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा होता. लेकीच्या कानांवर त्याहून जास्त. प्लग खाली ठेवून तो उजवीकडे गेला, जिथून प्लगांना करंट वाटला जातो त्या डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाला.

“करंट गळतोय,” त्याने जाहीर केलं.

पाऊण तास तो खपला. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्यूटर उघडला, पॉइंट घासले, फट मोजून लावली, वायरी नव्या घातल्या. काम असं नेटकं की बघत राहावं. मग किल्ली फिरवायला सांगितली. गाडीने आधीइतकेच आढेवेढे घेतले आणि चालू होऊन पहिल्यासारखीच थडथडू लागली.

“अहो, ते फुस्स फुस्स काय वाजतंय?” मास्तरीणबाई गाडीत बसूनच म्हणाल्या. “डावीकडं!”

कानसेनची त्यांच्याकडे पाठ होती. तो वायर दाबून बघत राहिला.

“मला इथवर ऐकू येतंय,” टॅक्सीवाला म्हणाला.

जावई सासऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, “मामा, चहा गार झाला.” काही नाही. “मामा, गॅरेजला आग लागली.” काही नाही. “मामा, खुर्ची घेऊ का?”

टॅक्सीवाला फिसकन हसला. मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला. कानसेनने मान वर केली, माणसं हसताना दिसली, आणि यजमानाने हसावं तसा तोही त्यांच्याबरोबर हसला.

मग जावयाने पुढे होऊन त्या चिरेवर अंगठा दाबला. पाहुणा आल्यावर भांडणारं घर गप्प व्हावं, तसं इंजिन गप्प झालं. अंगठा उचलला, थडथड. दाबला, गप्प. असं त्याने तीनदा केलं. एकदा पुरलं असतं. उरलेले दोन लोकांसाठी होते.

मुलगी जिना उतरली ती नेमकी या वेळी. गॅस बंदच होता. तिला उजवीकडचा थर्मास दिसला, डावीकडचा नवऱ्याचा अंगठा दिसला, आणि बापाची नजर दिसली. बाप तिच्याकडेच बघत होता. रागाने नव्हे, मोजून लावलेली फट पुन्हा मोजताना चुकीची निघावी, तसा.

तिने तोंड उघडलं. पण तोवर बापाने मान खाली घातली होती. आता त्याच्यापर्यंत पोचायचं तर ओरडावं लागणार. ओरडणार तरी काय? बाबा, थर्मास मी नाही ठेवला? थर्मासचा काय संबंध, असं टॅक्सीवाला विचारणारच. आत्ता म्हातारा चुकला एवढंच झालं होतं. मग तो इतकी वर्षं लेकीच्या कानांवर नाव कमावत होता, असं झालं असतं. तिने तोंड मिटलं.

कानसेनने शब्द पाळला. खुर्चीची बैठक फडक्याने पुसली, कमरेची किल्ली काढून तिच्यावर ठेवली. “तुम्हाला त्रास झाला,” असं मास्तरीणबाईंना म्हणून तो जिना चढून गेला.

रात्रीच्या जेवणाआधी ती तीनदा बापासमोर जाऊन बसली. तिन्ही वेळा तिने ओठ हलवले आणि बापाने डोळे मिटले. बहिऱ्याला दार लावून घ्यावं लागत नाही.

तर हिशेब असा. मास्तरीणबाईंना चार बोटं लांब नवी नळी मिळाली. टॅक्सीवाल्याला महिनाभर पुरेल एवढा किस्सा मिळाला. जावयाला खुर्ची, किल्ली आणि हाक मिळाली.

थर्मास अजून दहाला खाली येतो. मुलगी कुठल्याच गाडीपाशी थांबत नाही. थर्मास सरळ बाकावर ठेवते, दरवेळी मधोमध.

परवा एक जुनी गाडी आली, तीही अशीच थडथडणारी. जावई स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरून दमला. “अगं, जरा ऐक ना,” तो म्हणाला. “कुठून येतोय गं आवाज?”

ती समोर उभी राहिली, त्याच्या ओठांकडे बघत.

“मला काही ऐकू येत नाही,” ती म्हणाली, आणि कप विसळायला गेली.