माझ्यातला शेवटचा गोगल-मोगल

मी एक जुना मातीचा कुंडा आहे, मित्रांनो. नीस्टर नदीकाठच्या कुंभाराने मला घडवलं आणि पोटात आतून रेघा ओढल्या, साखर नीट घोटली जावी म्हणून. लेमेलबुवांच्या घरी मला एकच काम. अंड्यांचे बलक नि साखर यांचं मिश्रण पांढरं होऊन फुलेपर्यंत फेटायचं, वर गरम दूध ओतायचं. झाला गोगल-मोगल. पोरं बोटं चाटत. बुवा तो घशासाठी घेत. आम्हा ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात ते साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे गात. त्यांचा सूर लागला की दगडालाही पाझर फुटे. त्यांची बायको पेशेकाकू मला थोपटून म्हणत, "निम्मा गळा याचा आहे."

त्या वर्षी प्रायश्चित्ताच्या उपासाआधी बुवांचा घसा पार बसला. कोंबड्याही अंडी देईनात. काकूंनी जपलेली शेवटची दोन अंडी माझ्यात फोडली. दूध घ्यायचं म्हणून बुवांनी मांसाचं जेवण सोडलं होतं. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही. नुसती धांदल उडाली होती. त्या धांदलीत सून झिसलने दुधाऐवजी कोबीवर घालायची बदकाची उकळती चरबी माझ्यात ओतली.

आमच्याकडे दूध आणि मांस एका भांड्यात, एका जेवणात येत नाही, आणि चरबी म्हणजे मांसच.

"डोळे आहेत की बटाटे?" म्हणत काकू मला शालीखाली घेऊन धर्मगुरूंकडे, रब्बींकडे धावल्या.

"तांब्याचं असतं तर उकळून घेतलं असतं," रब्बी म्हणाले. "माती प्यालेलं विसरत नाही, पेशे."

"पण यांचा घसा, गुरुजी?"

रब्बींनी मावळतीकडे बोट दाखवलं. वेळच उरला नव्हता.

मी बाद झालो; मला अंगणात उपडं केलं. झिसल हुंदके देत होती. पांढरा झगा घालून निघालेले बुवा तिच्याजवळ थांबले. "रडू नकोस, पोरी," ते कसेबसे कुजबुजले. "आज देव सगळ्यांना माफ करतो. सासूलाही करावं लागेल."

मंदिर समोरच होतं. उपास सुरू होतानाची प्रार्थना तीनदा म्हणायची असते, दरवेळी आवाज चढवत. पहिल्यांदा बुवांचा सूर लागला. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा काहीच ऐकू येईना. देवा, मला फोड, पण त्यांना एक सूर दे, असं मी विनवत राहिलो. सूर आला नाही. बऱ्याच वेळाने मागून कुणीतरी अडखळत ती ओळ उचलली, मग आणखी कुणी, मग साऱ्या गावाने, बेसूर, रडत.

बुवांचा आवाज परत आलाच नाही. आता माझ्यात कोंबड्या पाणी पितात. ते भरायला बुवाच येतात, आणि त्यांचे ओठ हलत असतात.

मित्रांनो, घाईत हात जरा आवरा. काही गोष्टी धुऊन निघत नाहीत. आणि कुणाचा सूर तुटला तर गप्प बसून राहू नका. पुढची ओळ तुम्हाला येतच असते.