मुका ठरवलेला जीपीएस

मित्रांनो, मी मुका नाही. आधी हे सांगून टाकतो, मग बाकीचं. माझ्या काचेवर चरा आहे, रबरी अंगाचा एक कोपरा सोललाय, बॅटरी आता फार वेळ टिकत नाही. म्हातारपणाची ही सगळी लक्षणं मला मान्य आहेत. पण भाईंदरच्या एका घरात आणि मीरा रोडच्या एका दुकानात कित्येक महिने लोक मला मुका म्हणाले, ते मला आजही मान्य नाही.

मी मोटरसायकलवर लावायचा एक जुना जीपीएस आहे. तुमच्या फोनला आज सगळे रस्ते ठाऊक असतात. २००८-०९ साली बहुतेकांच्या फोनला ते ठाऊक नव्हते. रस्ता दाखवायला माझ्यासारखं वेगळं यंत्र विकत घ्यावं लागे. उपग्रहांचे संदेश पकडून मी कुठे उभा आहे ते ओळखतो आणि पुढे कुठे वळायचं ते सांगतो. माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यातला. तिथे मला पाण्यात बुडवलं, टेबलावरून पाडलं, थरथरत्या फळीवर बांधून ठेवलं. एवढ्यातूनही मी धड राहिलो तेव्हा माझ्या पोटात भारताचे नकाशे भरले आणि एका बाईचा आवाज भरला. ती बाई हिंदीत बोलायची, स्वच्छ आणि ठासून. तोच माझा आवाज.

बोटीने, ट्रकने मी मीरा रोड स्टेशनजवळच्या जिग्नेशभाईंच्या दुकानात आलो. तिथे एके दिवशी सुभाषराव आले. सोबत त्यांची बायको मनोरमाबाई आणि मुलगी निशिगंधा.

सुभाषराव मूळचे गुहागरकडचे, राहायला जेसल पार्कला. भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. आधी प्रेस मशीनवर पातेल्यांची बुडं ठोकत, मग त्याच खात्यात सुपरवायझर म्हणून. नुकतेच निवृत्त झाले होते. घरी एक जुनी बुलेट होती, ती त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. मनोरमाबाईंना मागे बसवून समुद्राच्या कडेकडेने थेट कन्याकुमारीला जायचं, हा दोघांचा कितीतरी वर्षांचा बेत. मनोरमाबाईंची एकच अट होती. यांना रस्ता विचारायला पाठवलं की माणसं एक सांगतात आणि हे जातात भलतीकडेच. तेव्हा रस्ता सांगणारं काहीतरी गाडीवर हवं.

जिग्नेशभाईंनी काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक मोटारीतलं, मोठ्या पडद्याचं. निशिगंधा एका विमा कंपनीत कामाला होती, चौकशी करून आली होती. तिने ते उचलून दारातल्या उन्हात नेलं, तर पडद्यावर काहीच दिसेना. पावसात त्यात पाणी जाणार हेही तिने जिग्नेशभाईंकडून कबूल करून घेतलं. दुसरं होतं डोंगर चढणाऱ्यांचं. लहान, दणकट, फक्त बाण दाखवणारं. सुभाषरावांनी ते हातात घेतलं ते खाली ठेवेचनात. तिसरा मी. हातमोजे घालून दाबता येतील अशी बटणं, पाणी आत न शिरणारं अंग, बुलेटच्या बॅटरीवरही चालणारा, आणि हेल्मेटच्या आत कानाशी बोलणारा.

"पप्पा, तो छोटा बोलत नाही," निशिगंधा म्हणाली. "गाडी चालवताना पडद्याकडे बघत बसणार का तुम्ही? हाच घ्यायचा."

सुभाषरावांनी तो लहान जीपीएस हळूच खाली ठेवला. जिग्नेशभाईंनी माझी वायर त्यांच्या कानाला लावली. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आगे से दाएँ मुड़िए." सुभाषराव हसले, मान हलवली आणि म्हणाले, "एकदम क्लिअर."

मित्रांनो, मीही त्या हसण्यावर विश्वास ठेवला.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. जेसल पार्कातून जवळच्या गोल्डन नेस्टच्या नाक्यापर्यंत आणि परत, अशी आमची रंगीत तालीम व्हायची. तिथली गल्ली न् गल्ली सुभाषरावांना पाठ, त्यामुळे मी म्हणायच्या आत ते वळलेले असत. शेजारीपाजारी मला बघायला येत. सुभाषराव माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसत.

जानेवारीत लांबचा सराव म्हणून आम्ही जव्हारला निघालो. हायवेने मनोरपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे. मनोर यायच्या बरंच आधी मी सांगितलं. जवळ आल्यावर पुन्हा सांगितलं. अगदी वळणावर तिसऱ्यांदा सांगितलं. बुलेट सरळ पुढे निघून गेली. मी नवा रस्ता आखला आणि शांतपणे तो सांगू लागलो. थोड्या वेळाने सुभाषरावांची नजर माझ्या पडद्यावर गेली. बाण मागे वळलेला दिसला. ते संतापले आणि दुभाजकातली फट गाठायला त्यांनी गाडी एकदम उजवीकडे घेतली.

मागून कंटेनर येत होता. त्याच्या हॉर्नने माझं अंग थरथरलं, एवढा तो मोठा होता. मनोरमाबाई मागून ओरडत होत्या. सुभाषराव उजवीकडे सरकतच होते. शेवटी मनोरमाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं जाकीट धरून डावीकडे ओढलं. बुलेट झोकांडी खात कडेच्या मातीत जाऊन पडली. कंटेनर वारा उडवत निघून गेला. माझ्या काचेवरचा हा चरा तिथला. मनोरमाबाईंचं मनगट मोडलं, तेही तिथलंच.

त्यांना उठवून बसवल्यावर सुभाषरावांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य माझ्याबद्दल होतं. "हा बोललाच नाही. वळायचं सांगितलंच नाही याने."

मी तीनदा सांगितलं होतं. पण मला माझी बाजू मांडायची सोय नाही. मला फक्त रस्ता सांगता येतो.

आईच्या हाताचं प्लास्टर बघून निशिगंधा दुकानात जाऊन कडाडली. जिग्नेशभाईंनी मला छोट्या स्पीकरला जोडलं. मी बोललो. दुकानातल्या झाडून सगळ्यांनी ऐकलं. तरी सुभाषराव म्हणाले, इथे बोलतो, रस्त्यावर बोलत नाही. जिग्नेशभाईंना गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "अंकल, कभी कभी ऐसा पीस आ जाता है." कंपनीकडे तपासायला पाठवलं, कंपनीने दोष नाही म्हणून परत धाडलं, तरी कुणाला शंका आली नाही. मी खराब पीस तो खराब पीसच. जेसल पार्कच्या त्या घरात टीव्हीखालच्या खणात, बिघडलेल्या रिमोटांशेजारी माझी रवानगी झाली. निदान ते रिमोट खरोखर बिघडलेले होते.

प्लास्टर निघाल्यावर मनोरमाबाईंना काशीगावला चुलतबहिणीकडे जायचं होतं. निघताना त्यांनी खण उघडला. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला पर्समध्ये टाकलं आणि रिक्षात बसल्यावर काशीगावचं नाव घालून माझी वायर कानाला लावली. मी बोललो. प्रत्येक नाक्यावर बोललो, प्रत्येक वळणाच्या आधी बोललो. बहिणीकडे त्या चहालाही थांबल्या नाहीत. त्याच रिक्षाने परत आल्या.

घरी सुभाषराव दाराकडे पाठ करून टीव्हीवर बातम्या बघत होते. मनोरमाबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, बुलेट विकली मी."

सुभाषराव बातम्या बघत राहिले.

"आज सकाळी विकली. गिऱ्हाईक घेऊन गेलं."

त्यांची मानसुद्धा हलली नाही. मित्रांनो, हा माणूस बुलेटला कुणी नुसता हात लावला तरी खिडकीतून ओरडायचा.

मनोरमाबाईंनी पुढे होऊन टीव्ही बंद केला आणि त्यांच्या समोर बसल्या. "ऐकू येत नाही हे कधीपासून?"

मग सगळं बाहेर आलं. प्रेस खात्यातल्या दणदणाटाने सगळ्यांचंच तसं व्हायचं. कापसाचे बोळे घालायचे कानात, त्याने काय होतंय? सुपरवायझर झाले तेव्हाच त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. पण ज्याला ऐकू येत नाही असं कळायचं त्याला मालक घरी बसवायचा. म्हणून ओठ बघायला शिकले. हसून मान हलवायला शिकले. नाक्यावर रस्ता सांगणाऱ्या माणसापुढेही तशीच मान हलवत होते. ऑफिसात कानांवर लावायची दोन जाड झाकणं टांगलेली असत, पाहुण्यांसाठी. साहेब लोक प्रेस बघायला आले की ती लावून फिरत आणि जाताना परत टांगून ठेवत.

"माझा हात मोडला, तेव्हा तरी बोलायचंत," मनोरमाबाई म्हणाल्या.

मीही इतके महिने सुभाषरावांवर जळफळत होतो. त्या झाकणांचं ऐकल्यावर माझा राग कमी झाला नाही, फक्त त्याने पत्ता बदलला.

निशिगंधा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डाव्या कानासाठी मशीन मिळालं. घरात त्याचा उपयोग झाला, पण हेल्मेटमध्ये ते शिट्ट्या मारायचं आणि वाऱ्याने काहीच कळायचं नाही. निशिगंधा म्हणाली, आता बुलेट खरंच विकून टाकू. मनोरमाबाई म्हणाल्या, ऐकायचं काम मी करते. त्यांनी दोन मोठे आरसे बसवून घेतले, आणि माझी वायर मागच्या सीटपर्यंत पोचावी म्हणून तिला जोड द्यायला दोघं जिग्नेशभाईंच्या दुकानात गेले.

तिथे एक तरुण जोडपं नेमका माझ्याच जातीचा जीपीएस बघत होतं. जिग्नेशभाईंनी माझ्याकडे बोट दाखवून हळूच सांगितलं, "वो वाला पीस खराब था, ये नया अच्छा है." सुभाषरावांचं लक्ष त्यांच्या ओठांवर होतं.

"पीस चांगला होता," ते म्हणाले. "मी बहिरा आहे."

जिग्नेशभाईंनी चहा मागवला. माझी कुणी माफी मागितली नाही. पण सुभाषरावांनी बाहेर येऊन मला रुमालाने पुसलं, आणि मी ते पुरेसं मानलं.

मग नवा सराव झाला. वायर मनोरमाबाईंच्या हेल्मेटात. मी बोलायचो, त्या ऐकायच्या. डावीकडे वळायचं तर त्यांचा हात डाव्या खांद्यावर, उजवीकडे तर उजव्या, आणि दोन्ही खांदे दाबले की गाडी हळू. पुढच्या हिवाळ्यात आम्ही निघालो. गाडी रमतगमत चालली, वाटेत दोनदा पंक्चर झाली, होनावरला मनोरमाबाई तापाने पडून राहिल्या. पण कन्याकुमारीला आम्ही पोचलो. मी दिलेला एकही रस्ता चुकला नाही.

परत आल्यावर सुभाषराव एका सकाळी बुलेट घेऊन आपल्या जुन्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. पाळी बदलत होती. औषधाच्या दुकानातून आणलेले कानात घालायचे स्पंजचे बोळे ते आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवू लागले, आणि प्रत्येकाला सांगू लागले, लाजू नको, घाल. वॉचमन धावत आला, इथून निघा म्हणून ओरडू लागला. सुभाषरावांनी कानातलं मशीन काढलं, खिशात टाकलं आणि पुढच्या माणसाचा हात धरला. तेव्हापासून दर आठवड्याला ते तिथे जात राहिले. मी हँडलवरून बघत असे.

मित्रांनो, जुनी यंत्रं तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. माझी वायर तुटली तर दुसरी मिळते. माणसाचा कान दुकानात मिळत नाही, आणि तो गेला तरी माणूस वर्षानुवर्षं हसून मान हलवत राहतो. तुमच्या घरात कुणी असं फार हसून मान हलवत असेल, तर एकदा मागे उभे राहून हाक मारा. उत्तर आलं नाही तर रागावू नका. समोर या, आणि पुन्हा बोला.