खोकला, नाटकासाठी

रेडिओ केंद्रात सगळे त्याला कात्री म्हणत. खरं तर टेप कापायला त्याने जन्मात कधी कात्री वापरली नव्हती, ब्लेड वापरलं. पण नावं पाडणारी माणसं इतक्या खोलात शिरत नाहीत. लोकांचं बोलणं टेपवर उतरायचं. त्यातला नको तो भाग कात्री पिवळ्या पेन्सिलीने खूण करून तिरका कापायचा आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने जोडायचा. सांधा कुठे आहे ते पैज लावूनही कोणाला सांगता येत नसे. याचा त्याला गर्व होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही.

केंद्राचा मानाचा कार्यक्रम म्हणजे ‘तुमचं ऐकतो आहोत’. दर बुधवारी केंद्राची गाडी एकेका वस्तीत जाई. माणसं मायक्रोफोनपुढे बसून आपलं गाऱ्हाणं सांगत, आणि शुक्रवारी सकाळी ते सगळ्या शहराला ऐकू जाई. नळ कोरडा आहे, रस्त्यावर दिवे नाहीत, शाळेचं छप्पर गळतंय. कधीकधी कार्यक्रम झाल्यावर नळाला खरंच पाणी येई. लोकांचा या कार्यक्रमावर जीव होता, कारण दुसरं कोणी त्यांना दारातसुद्धा उभं करत नव्हतं.

वेळ मात्र मोजकी, माणशी तीन मिनिटं. आणि माणूस तीन मिनिटं सरळ बोलतो थोडाच? तो अडखळतो, दहा वेळा ‘म्हणजे’ म्हणतो, खोकतो. ते सगळं काढून टाकणं हे कात्रीचं काम. “आपल्या माणसांचं हसं होता कामा नये,” असं केंद्रप्रमुख बाई नेहमी बजावत. कात्रीला ते मनापासून पटलेलं होतं. केस विंचरून, धुतलेले कपडे घालून गाडीपाशी येणाऱ्या माणसाला शहरापुढे गबाळं कसं काय उभं करायचं?

कापलेले तुकडे केराच्या टोपलीत जात. त्यातून नाटक विभागाच्या कामाचे आवाज तेवढे कात्री वेगळे काढी. त्याच्या फळीवर पत्र्याचे गोल डबे होते: ‘दार’, ‘पावलं’, ‘गर्दी’, ‘भांडी’. आणि एक ‘खोकला, नाटकासाठी’. रेडिओच्या नाटकात म्हातारा आला की तो खोकलाच पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला त्याचं वय कळायचं कसं? नट खोकत ते खोटं वाटे. म्हणून चांगला खोकला हाती लागला की कात्री तो या डब्यातल्या रिळाला जोडून टाकी, दोन खोकल्यांमध्ये कोऱ्या पांढऱ्या टेपची पट्टी घालून. झाकणाच्या आत त्याने यादी चिकटवली होती. कोरडा. ओला, लांब. पुरुष, म्हातारा. बाई, दबका. कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. नाटकाला त्याच्याशी काय देणंघेणं?

चांगले खोकले बहुतेक सगळे पांढऱ्या गल्लीतले होते.

गल्लीला हे नाव पडलं ते पलीकडच्या कारखान्यामुळे. तिथे दगड दळून पिठासारखी भुकटी करत. ती भिंतीवरून येई आणि छपरांवर, झाडांवर, माणसांच्या पापण्यांवर बसे. कात्रीची थोरली बहीण तिथेच राहत होती. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, हातात पाटी देऊन शाळेत ढकललं, कान पिळून परत आणलं. तिचा नवरा कारखान्यात दळणावर होता. तो लवकर गेला. मग ती आणि तिची मुलगी तेवढ्या उरल्या.

दोन वर्षांपूर्वी गाडी पांढऱ्या गल्लीत गेली, तेव्हा ताईही मायक्रोफोनपुढे बसली. बाई मुलखाची विनोदी. म्हणाली, “आमच्या गल्लीत काळी चादर वाळत घातली की संध्याकाळी पांढरी होऊन घरात येते. वेगळी धुवायला नको.” पाच मिनिटांत ती तेवीस वेळा खोकली. उठताना तिने भावाची बाही धरली.

“माझा खोकला काढशील ना रे? सगळं गाव ऐकणार. मेल्याहून मेल्यासारखं होईल मला.”

“ताई, तू खोकलीस हे तुला स्वतःला कळायचं नाही.”

त्याने शब्द पाळला. शुक्रवारी चादरीच्या विनोदाला शहरभर हशा पिकला. केंद्रप्रमुख बाई पुढे महिनाभर तो ज्याला त्याला सांगत होत्या. चार महिन्यांनी ताई गेली. कात्रीने भाचीला आईच्या आवाजाची कॅसेट करून दिली, अगदी स्वच्छ, तीन मिनिटांची. ते तेवीस तुकडे काही त्याला टोपलीत टाकवले नव्हते. डब्यातल्या रिळाच्या शेवटी त्याने ते जोडून ठेवले. मात्र नाटकाला त्यातला एकही कधी दिला नाही.

भाची रुग्णालयात परिचारिका. आई गेल्यावर तिने हाय खाल्ली नाही, अर्ज लिहायला घेतले. दीड वर्ष खेटे घातल्यावर कारखान्याची सुनावणी लागली. तिची मागणी एकच होती: गल्लीतल्या प्रत्येकाच्या छातीचे फोटो बाहेरच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. कारखान्याचे डॉक्टर सगळ्यांना सर्दी झाली म्हणूनच सांगत. एक दिवस ती धापा टाकत केंद्रात आली.

“मामा, त्यांच्या वकिलाने तुमच्या कार्यक्रमाच्या टेपा मागवल्यात. पांढऱ्या गल्लीच्या, सहा वर्षांच्या!”

“कशाला?”

“मागवू देत ना! आमची माणसं सहा वर्षं कंठशोष करताहेत. ऐकू देत साहेबांना. बरंच झालं.”

केंद्रप्रमुख बाईंनी आनंदाने टेपा दिल्या. कात्रीने त्या मुकाट्याने गठ्ठा बांधून दिल्या. बोलला असता तर ताईला दिलेला शब्द मोडला असता, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्याची छाती झाली नाही.

नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. गल्लीतली माणसं पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेली आणि सारखी खोकत होती. वकिलाने टेपा लावल्या. एकामागून एक स्वच्छ, मोकळे आवाज. धुळीची तक्रार सगळेच करत होते, पण कसे? बातम्या वाचाव्यात तसे. चादरीचा विनोद आला तेव्हा सुनावणीचे साहेबसुद्धा हसले.

“साहेब, सहा वर्षं, चाळीसेक माणसं,” वकील म्हणाला. “एक तरी ठसका ऐकू आला? धूळ उडते, मान्य. चादरी मळतात, तेही मान्य. पण आजार कुठाय? आज ही मंडळी खोकताहेत, ते मीही ऐकतोय. रेडिओपुढे सहा वर्षं घसा खणखणीत, आणि सुनावणीच्या दिवशी सगळ्यांना एकदम साथ! ठरवून आलेले दिसतात.”

बाकांवर गलका झाला. एकाला रागाने बोलताना इतकी उबळ आली की त्याला धरून बाहेर न्यावं लागलं, आणि वकिलाने त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं. भाचीने मागे वळून मामाकडे पाहिलं. तिला काही कळत नव्हतं. आपलीच माणसं आपल्याच आवाजात आपल्याविरुद्ध साक्ष देत होती, आणि हे कसं झालं ते सभागृहात एकट्या कात्रीला ठाऊक होतं.

तो केंद्रावर परतला आणि थेट बाईंच्या खोलीत गेला. सगळं सांगितलं. बाई टेबलावरची काच पुसू लागल्या.

“मूळ टेपा?”

“मूळच कापतो मी. दुसरी टेप कुठे मिळते? कापलेलं केरात गेलं.”

“मग सहा वर्षं मी काय ऐकत होते रे?”

“मी दिलं ते,” कात्री म्हणाला.

पुढच्या तारखेला तो डबा आणि टेपचं यंत्र घेऊन सभागृहात उभा राहिला. “या माणसांचे खोकले मी कापले,” त्याने सांगितलं. “त्यातले काही या डब्यात आहेत.” भाचीने तोंडावर हात ठेवला. वकिलाने झाकण मागून घेतलं आणि आतली यादी मोठ्याने वाचली.

“कोरडा. ओला, लांब. बाई, दबका. वा! हे खोकले आहेत की कापडाचे नमुने? कोणाचा कुठला, सांगा पाहू.”

प्रत्येक तुकडा कुठे कापला, किती बोटं लांब होता, हे कात्रीला आठवत होतं. माणसं आठवत नव्हती. चार-चारदा ऐकूनही त्याने माणसं ऐकलीच नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने यंत्र सुरू केलं.

पहिला खोकला आला. कोरडा, दोनदा तुटणारा. मग पांढऱ्या पट्टीची शांतता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक बाई उभी राहिली.

“आमच्या ह्यांचा आहे.”

वकील हसला. “बाई, खोकल्यावरून माणूस ओळखता तुम्ही?”

“चौदा वर्षं शेजारी झोपले. तुमच्या घरी विचारा, तुमचा ओळखतील की नाही ते.”

दुसरा खोकला. “बाबा,” कोणीतरी मागून म्हणालं. तिसऱ्याला गल्लीतला शिंपी काठीवर भार देत उठला. “हा माझा. मी अजून आहे,” म्हणाला, आणि त्याला तिथेच उबळ आली. यंत्रातला खोकला आणि त्याचा खोकला एकच होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं. चौथ्याला एक तरुण सून उभी राहिली. तिला रडू आवरत नव्हतं.

“हा नाटकात लागला होता. त्या गमतीदार आजोबांचा. पोरं पोट धरून हसली. मला वाटलं, हा नट किती आमच्या मामंजींसारखा खोकतो! मामंजी तेव्हा नुकतेच गेले होते, साहेब.”

कात्रीला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. पण रीळ फिरत होतं आणि माणसं उठत होती. बसा असं साहेबांनी कोणालाच सांगितलं नाही. शेवटी तो दबका खोकला आला. बाई पदर तोंडाशी धरून खोकते तसा, एक, दोन, तीन. कोणी उठलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी ओळखला होता, पण तो पुकारायचा हक्क दोघांचाच होता, आणि मामा फिरत्या रिळाकडे पाहत उभा होता.

“आई,” भाची म्हणाली. ती उठली नाही, बसूनच म्हणाली.

केंद्राच्या टेपा पुरावा म्हणून धरता येणार नाहीत, असा आदेश साहेबांनी दिला. छातीचे फोटो काढायचे, तेही बाहेरच्या डॉक्टरांनी, असंही लिहिलं. एवढं मिळायला गल्लीला सहा वर्षं लागली. फोटो आले. एकसष्ट माणसांपैकी एकेचाळीस जणांच्या छातीत दगडाची धूळ बसलेली होती. दळण बंद झालं. छातीत बसलेली धूळ मात्र निघत नाही, असं डॉक्टरांनी प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगितलं. कोणी दुसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा तेच सांगितलं.

एका मंगळवारी भाची कात्रीच्या खोलीत आली. हातात मोठा पिवळा लिफाफा होता. त्याने तो उघडला नाही. तिच्या तोंडाकडे पाहूनच त्याला कळलं.

“तूही?”

“एकेचाळिसांत मी होते, मामा. तुम्हाला सांगायला धीर होत नव्हता.” मग तिने पर्समधून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. “ही नको मला. ही आई नाही. आई होती तशी करून द्या.”

त्याने दार लावून घेतलं. तेवीस तुकडे टेबलाच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवले. कुठला कुठे बसायचा हे पाहायला त्याला कागद लागला नाही. तीन मिनिटं कापायला त्याला दुपार पुरली होती. जोडायला दोन दिवस लागले, कारण आता प्रत्येक खोकला तो शेवटपर्यंत ऐकत होता. बुधवारच्या गाडीबरोबर तो गेलाच नाही. बाईंनी वेळेचा हिशेब विचारला नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी ताईची टेप पूर्ण लावली.

शहराने तोच विनोद पुन्हा ऐकला. “आमच्या गल्लीत काळी चादर वाळत घातली की…” इथे सहा खोकले होते. मध्ये टेबल सरकल्याचा आवाज, कारण ताईने ते घट्ट धरलं होतं. मग बराच वेळ नुसता श्वास, वर ओढायला जड जाणारा. “…संध्याकाळी पांढरी होऊन घरात येते,” ती कशीबशी म्हणाली. पुढचं वाक्य पहिल्या वेळी विनोद म्हणून गाजलं होतं. आता ते ऐकून कोणी हसलं नाही.

भाची कात्रीच्या खोलीत बसून ऐकत होती. टेप संपल्यावर ती खोकली, आणि सवयीने तोंडावर हात धरायला गेली. कात्रीने तिचा हात धरून खाली घेतला.