चंद्रावतीचे खतखते

गोवा राज्य झाले त्याच वर्षी चंद्रावतीने धारगळच्या हमरस्त्यावर खानावळ काढली, आणि तीही निव्वळ शिवराक. मासळीचा वाससुद्धा नाही. गावाने तिला वेड्यात काढले. सोमवारी शिवराक जेवणारा माणूस मंगळवारी बांगड्यासाठी जीव टाकतो, हे कोणाला ठाऊक नव्हते? पण तिचे म्हणणे एकच. मासळीमागे होडीला दरसाल जास्त लांब जावे लागते, सुरण, केळी आणि नीरफणस तर आपल्या दारात पिकतात. पुढे लोकांना इकडेच वळावे लागेल.

पुढचे राहू दे, तेव्हाच लोक वळले. तिच्या खतखत्यासाठी ट्रकवाले गाड्या बाजूला लावत. पाचसात भाज्या, तूरडाळ, खोबऱ्याचे वाटण आणि वरून तिरफळ. तिरफळाचा वास रस्त्यापर्यंत जाई.

मग एका आजारात ती गेली. तिचा नवरा गुरुदास, त्याने पाळीच्या खाणीवर ट्रक चालवण्यात जन्म घालवलेला. तो अंधार पडल्यावर घरी येणार आणि ताटावर बसणार. तरी त्याने खानावळ बंद केली नाही. बघून बघून जेवढे कळले होते तेवढ्यावर तो रांधू लागला. पहिला महिना बरा गेला. मग काय बिनसले देव जाणे, खतखते कडवट लागू लागले. गिऱ्हाईक एकेक करून गळाले. जे येत ते मान खाली घालून जेवत आणि "बरें जालां" म्हणून उठत.

थोरला भाऊ कृष्णनाथ एके दिवशी म्हणाला, "गुरुदासा, फाल्यां दनपारां मी बांगडे घेऊन येतां. बायलेच्या हाताची चव बायलेवांगडा गेली, ती परत येवची ना."

गुरुदासने 'उद्या आण' अशी मान डोलावली. बांगडा एकदा चुलीवर चढला की चंद्रावतीची खानावळ संपली, हे त्याला कळत होते. पण बोलणार कशाच्या जोरावर?

दुसऱ्या दिवशी दुपारी वत्सला जेवायला आली. ती सिंधुदुर्गातून शेतकामाला आलेली बाई, या खानावळीत नवीनच. दोन घास खाऊन तिने हात थांबवला.

"दादानू, खरा सांगू? रागावू नकात."

"सांग."

"दाताखाली वाळू इल्यासारखी लागता. तिरफळाच्यो बियो काढूक नाय?"

"बिया काढतात?"

"अगे बाये! बियांसकट वाटलात?" ती हसली आणि लगेच ओशाळली. "काळी बी कडू, ती टाकूची, वरची साल तेवढी घेवची. ती पण वाटूची नाय, ठेचून शेवटाक घालूची."

गुरुदास तिथेच बाकावर बसला. पहिला महिना त्याने चंद्रावतीच्या बरणीतली तिरफळे वापरली होती. ती तिने निवडून ठेवलेली. बरणी संपल्यावर त्याने पेडण्याच्या बाजारातून आणली आणि तशीच पाट्यावर घेतली.

"तीन महिने लोक हे खातात," तो म्हणाला. "एकजण बोलला नाही."

"तुमच्या तोंडाकडे बघून कोण बोलतलो?"

वत्सलाने जेवण तसेच ठेवले, हात धुतला आणि तिरफळे निवडली. चुलीवर अजून तिरफळ न घातलेले अर्धे टोप खतखते शिजत होते. तिने साली ठेचून त्यात टाकल्या आणि झाकण ठेवले. थोड्या वेळाने गुरुदासने चमचाभर तोंडात घेतले. मग तो मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

कृष्णनाथ बांगड्यांची पाटी घेऊन आला तेव्हा गुरुदासचे डोळे लाल होते.

"दादा, हे घरी ने. वहिनीला दे."

"आणि हांगा?"

"इथे शिवराकच. बस, वाढतो."

कृष्णनाथ कुरकुरत बसला. पाटी दाराबाहेर ठेवायला लावली म्हणून आणखी कुरकुरला. पण ताट पुसून खाल्ले आणि पाटी उचलून वाट धरली.

त्या दिवसापासून गुरुदास वाढताना प्रत्येकाला बजावू लागला, "बिघडले तर सांगा. ती गेली म्हणून गिळू नका."

पहिले दोन दिवस सगळे गप्पच जेवले. तिसऱ्या दिवशी इब्रामपूरचा टेम्पोवाला दत्ताराम भीतभीत म्हणाला, "मीठ इल्लें कमी आसा, गुरुदासबाब."

गुरुदासला इतके बरे वाटले की तो मिठाची अख्खी बरणीच घेऊन आला.