मुंढ्यावरची चुणी

ही गेली त्याला अकरा महिने झाले. आमच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं तीच करायची. मी दुकान बंद केलं आणि दर मंगळवारी मुलींच्या सुधारगृहात फुकट शिवण शिकवायला जाऊ लागलो. आठवड्यात तेवढाच दिवस माझ्याशी कुणी बोलायचं.

बोलायची खरं तर एकच. सोळा वर्षांची. प्रत्येक गोष्टीत हुज्जत घालायची, म्हणून सगळ्या तिला वकीलबाई म्हणत. तिनं काय केलं होतं ते मी विचारलं नाही. तसा नियमच होता.

"मास्तर, शिंपी असून शर्टाचं बटण लोंबतंय तुमच्या."

"तू तुझी टीप बघ."

एका मंगळवारी अधीक्षक बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "परवा तुमच्या वकीलबाईची सुनावणी आहे. मावशी न्यायला तयार आहे. तिचं शिवणाचंच दुकान आहे. पण पोरीच्या हाताला काम येतं, असं तुम्ही लिहून द्यायला हवं. नाहीतर शिवणाच्या परीक्षेपर्यंत, म्हणजे अजून सहा महिने, इथेच."

"आजचं काम बघून लिहितो," म्हणालो आणि कागद घेऊन वर्गात आलो.

ती शर्ट घेऊन उभीच होती. बाही लावणं सगळ्यांत अवघड. आधीचे दोन मंगळवार मी तिला तीच बाही उसवायला लावली होती, मुंढ्याला, खांद्याशी बाही जोडतो तिथं, चुणी पडलीय म्हणून. आता तिसऱ्यांदा लावली होती. छान बसली होती.

"चुणी आहे," मी म्हणालो. "उसव."

"कुठंय? बोट ठेवून दाखवा."

मी मुंढ्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. कुठंच अडेना.

"मागच्या वेळीही नव्हती," ती आवाज खाली आणून म्हणाली. "त्याच्या आधीही नव्हती. मी मुकाट्यानं उसवली. का करताय असं?"

मी टेबलावरचे दोरे गोळा करू लागलो.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

तिनं बाही उलटी केली. मग म्हणाली, "परवा मावशी येणारे. तुमच्या कागदावर सगळं आहे, मला माहितीये." तिनं टेबलावरची सुई उचलली आणि शिवणीच्या पहिल्या टाक्यात घातली. "सांगा. उसवू?"

मी तिच्या हातातून शर्ट काढून घेतला. तिच्यासमोरच कागदावर लिहिलं, 'बाही स्वच्छ लावते. माझ्याकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही.' सही केली. तिनं ते दोनदा वाचलं आणि स्वतःच ऑफिसात देऊन आली.

पुढच्या मंगळवारी तिच्या मशीनवर दुसरी मुलगी होती. विचारलं तेवढ्याला हो नाहीतर नाही. थोड्या वेळानं तिनं कापड पुढे केलं. टीप सरळ आली होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती उठून गेली. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.