भिंतीपलीकडची अक्षरं

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर एकच लॅपटॉप होता. कीबोर्डला कुणाचा हात लागत नव्हता, तरी पडद्यावर अक्षरं उमटत होती.

"बघून घ्या, तार नाही, इंटरनेट नाही," निरोप्या सांगत होता. मेलेल्यांचे निरोप आणतो म्हणून लोक त्याला याच नावाने ओळखत. "पलीकडची माणसं थेट लिहितात. फक्त त्या भिंतीकडची वाट मोकळी ठेवा. आत्म्यांना गर्दी सोसत नाही."

मेल्यावरही माणसाला गर्दीचा जाच का व्हावा, हे कुणी विचारलं नाही.

वहिनी पहिल्या रांगेत होती. दोन वर्षांपूर्वी दादा अपघातात गेला, तेव्हापासून ती इथे येत होती. पुतणीच्या हृदयाला छिद्र होतं, डॉक्टर ऑपरेशनची घाई करत होते. पण पडद्यावर दादा लिहायचा, 'पोरीला सुरी लावू नका, मी सांभाळतो,' आणि वहिनी तारीख पुढे ढकलायची. मी परगावाहून फोनवर भांडायचो. "तुमचा भाऊच सांगतोय, भाऊजी," एवढंच ती म्हणायची. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिच्यासोबत आलो होतो. आत शिरताना दाराशी एका बाईने मायेने घरचं सगळं विचारून घेतलं होतं.

दादाची पाळी आली. 'मी बरा आ' इथे अक्षरं अडली. एक जाडजूड गृहस्थ पाय मोकळे करायला उठून त्या भिंतीपाशी उभे होते. ते सरकले आणि उरलेली अक्षरं एका दमात पडद्यावर आली.

हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. गोदामांतले वजनकाटे ब्लूटूथने संगणकाला जोडणं हे माझं काम. मध्ये हमाल उभा राहिला की त्याचं अंग लहरी शोषतं आणि आकडे तुंबतात. वाट मोकळी झाली की लोंढ्याने येतात.

मी उठलो आणि त्या भिंतीला पाठ लावली. दादा गप्प झाला.

"वाट सोडा," निरोप्या म्हणाला. "आत्मा तळमळतोय."

"माझा सख्खा भाऊ आहे. माझा कसला अडथळा त्याला?"

मग मी शेजारच्या खोलीचं दार उघडलं. आत एक चष्मेवाला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्या पडद्यावर अर्धवट वाक्य होतं, 'पोरीला सुरी ला'.

मी सगळ्यांना समजावलं. दोन्ही लॅपटॉप ब्लूटूथने जोडलेत, इथे टाइप केलेलं तिथे उमटतं. घरची माहिती दाराशी विचारपूस करणारी ती बाई काढून घेते. काही जण मान खाली घालून निघून गेले. बरेचसे बसून राहिले. एका आजोबांनी शेजारच्या खोलीचं दार हळूच पुन्हा लोटलं. "आमची पाळी राहिलीय," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर वहिनीने विचारलं, "मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"

मी रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुतणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. "छिद्रामुळे फुप्फुसांतला दाब फार वाढलाय. आता ऑपरेशन झेपणार नाही. गेल्या वर्षी आणायला हवी होती." वहिनी रडली नाही. पोरीच्या स्वेटरची बटणं लावत राहिली.

निरोप्याने दुसऱ्या गल्लीत जागा घेतलीय. तिथेही गर्दी असते म्हणे.

गेलेलं माणूस लिहीत नाही. अक्षरं उमटत असतील तर ती लिहिणारा जिवंत माणूस जवळपासच असतो. तो शोधा, आणि वेळेत शोधा. आजारी पोर तुमचा विश्वास उडेपर्यंत थांबत नाही.