कात्रीवरचा ठसा

मित्रांनो, मी बोटभर पोलादाचा एक जुना ठसा आहे. काचेच्या पेटीत मखमलीवर बसलोय. येणारे-जाणारे "वा!" म्हणतात आणि मला लाज वाटते.

आमचं गाव कात्र्यांचं. लोहारआजोबांनी मला घडवलं तेव्हा रीत साधी होती. प्रत्येक कात्रीने आधी ओलं फडकं कापून दाखवायचं. फडकं पात्यात अडकलं की कात्री परत धारेला. सरसर कापलं, तरच तिच्यावर मी उमटायचो. दूरदूरचे शिंपी कात्री उलटीसुलटी करून मलाच शोधायचे. गावाची भरभराट झाली.

मग कारभार नातवंडांच्या हाती आला. त्यांच्या लक्षात आलं, लोक कात्री बघतच नाहीत, ठसा बघतात. झालं! फडकं गेलं. बाहेरून पोत्यांनी पत्र्याच्या कात्र्या येऊ लागल्या, आणि माझ्या डोक्यावर हातोडा ठकाठक. गटारात बुचकळून काढल्यासारखं वाटायचं.

एकदा धारवाल्याची लेक आली. तिने नवी कात्री केली होती. पातं बोथट झालं, की तेवढंच बदलायचं. तिला ठसा हवा होता. त्याशिवाय इथे कुणी माल हातात घेत नसे.

"फडकं आणा, कापून दाखवते."

"फडकं कुठलं आता!" कात्रीवाल्यांच्या संघाचे अध्यक्षकाका हसले. "आणि पोरी, नुसतं पातं बदललं तर अख्खी कात्री कोण घेणार? तुझा बाप?"

"अशी कात्री तुम्ही नाही दिलीत, तर दुसरं कुणीतरी देईलच की, काका."

"देऊ दे. ठसा आपल्याकडे आहे ना!"

तिची कात्री सरकवून, तिच्यादेखत त्यांनी मला पत्र्यावर ठोकलं. शी!

ती नदीपलीकडे गेली. तिथे ठसाबिसा काही नव्हता, त्यामुळे कापूनच दाखवावं लागे. हळूहळू शिंपी तिकडे वळले, मागोमाग आमचे कारागीर. आता खुद्द काकांच्या सूनबाई बाळाची झबली तिकडच्या कात्रीने बेततात.

इथल्या भट्ट्या विझल्या, पण माझे लाड बघा! रोज तेल, रोज पुसणं. परवा सहलीच्या मुलांना काका सांगत होते, "पलीकडच्यांनी आपल्याला बुडवलं." इतकं धडधडीत खोटं, तेही लेकरांना!

मित्रांनो, मला जपू नका. गंजलो तर गंजू दे. उद्या तुमच्यातलं कुणी काम करून काळ्या झालेल्या हातांनी काहीतरी नवं, वेडंवाकडं करून आणेल. त्याला "तू कोण?" असं विचारू नका. जवळ बसवा आणि म्हणा, "दाखव बघू."